काळ्यातून पांढरे काढताना

लाकडी ठसा कोरताना कोरणीने जे काढून टाकावे ते कागदावर पांढरे राहते आणि ज्याला हात लागलेला नसतो ते काळे उमटते. फळीला काहीच न करता तिच्यावर शाईचा रूळ फिरवला आणि वर कागद दाबला, तर मिळतो तो अख्खा काळा चौकोन; चित्र त्यानंतर सुरू होते, एकेक पांढरी रेघ काढत. ही गोष्ट माझ्या हाताला बरीच वर्षे ठाऊक होती, पण ती कानालाही लागू पडते हे कळण्यासाठी पेटर ब्रोट्समान या जर्मन सॅक्सोफोनवादकाची गाठ पडावी लागली. गाठ पडली ती ध्वनिमुद्रणांतूनच. त्यांची प्रत्यक्ष मैफल माझ्या वाट्याला आली नाही आणि 22 जून 2023 रोजी, वयाच्या 82 व्या वर्षी, वुपर्टाल येथे त्यांचे निधन झाल्यावर ती शक्यताही संपली.

त्यांचे ‘मशीन गन’ मी पहिल्यांदा लावले ते एका रात्री, हेडफोन चढवून, आणि चौथ्या मिनिटाला बंद केले. तीन सॅक्सोफोन, दोन डबल बेस, दोन ड्रमवादक आणि एक पियानो अशी आठ माणसे पहिल्या क्षणापासून सगळा जोर लावून वाजवत होती आणि हाताला लागेल असा काठ त्यात कुठेच सापडत नव्हता. विलंबित ख्यालाच्या सावकाश उलगडण्यावर पोसलेल्या माझ्या कानाला ते संगीत म्हणून ऐकूच येईना. तो नुसता मारा वाटला, आणि असा मारा करायला आठ जणांनी एकत्र येण्याची गरज काय, या विचाराने मी खरोखरच रागावलो. तो राग दोन-तीन वर्षे टिकला. मग एका मित्राच्या घरी ब्रोट्समान यांच्या चित्रांचे आणि छापील कामांचे पुस्तक चाळायला मिळाले. त्यात पोस्टर होती, रेकॉर्डची कव्हरे होती, जलरंग होते आणि लाकडी ठसे होते. जाड, ठाम, कडांशी किंचित खरबरीत असलेली ती अक्षरे आणि मोजक्या आकारांची ती काळी चित्रे पाहताना माझ्या पूर्वग्रहाला पहिला तडा गेला. इतक्या विचाराने जागा सोडणारा माणूस वाजवताना जागाच सोडत नसेल, हे पटेना. म्हणजे मलाच ती दिसली नव्हती.

ब्रोट्समान यांचा जन्म 6 मार्च 1941 रोजी रेमशाईड येथे झाला. कानशी, करवती आणि तत्सम हत्यारे घडवणारे म्हणून हे गाव जर्मनीत ओळखले जाते. जवळच्याच वुपर्टाल शहरातील कलाशाळेत त्यांनी चित्रकला आणि ग्राफिक कलेचे शिक्षण घेतले आणि पुढे जगभर हिंडूनही घर मात्र त्याच शहरात ठेवले. वुपर्टाल हे नदीच्या अरुंद दरीत लांबट पसरलेले, एके काळच्या कापडउद्योगाचे शहर आहे. तिथे 1901 पासून वुपर नदीच्या पात्रावरून, वरच्या रुळाला खाली टांगलेली रेल्वे धावते. राजधानी नसलेल्या, दिमाख नसलेल्या अशा गावात पुढे 1973 पासून पिना बाउश यांनी नृत्यनाट्याची कल्पनाच बदलून टाकली, आणि त्याच्या आधी दशकभर ब्रोट्समान आणि त्यांचा तरुण मित्र, बेसवादक पेटर कोवाल्ड यांनी जॅझच्या बाबतीत तसेच काहीसे आरंभले होते. संगीत ते कोणाकडे शिकले नाहीत. आधी क्लॅरिनेट आणि मग सॅक्सोफोन त्यांनी स्वतःच हाताळून आपलेसे केले. शाळकरी वयात वुपर्टालमध्येच त्यांनी सिडनी बेशे यांना ऐकले होते, आणि बेशे यांच्या स्वरातला तो रुंद, जवळजवळ रडवेला कंप त्यांच्या मनात कायमचा राहिला. आज त्यांचे कोणतेही संथ वादन ऐकावे, तो कंप तिथे असतोच. आक्रमक म्हणून ज्यांचे नाव झाले, त्यांच्या स्वराची मुळे न्यू ऑर्लिन्सच्या या जुन्या, हळव्या वादकात आहेत, हे लक्षात आल्यावर मला त्यांचे सगळेच वादन थोडे वेगळे ऐकू येऊ लागले.

चित्रकलेच्या बाजूने त्यांच्यावर झालेला सर्वांत मोठा संस्कार मात्र एका पाहुण्याचा होता. कोरियात जन्मलेले कलावंत नाम जून पाईक यांचे पहिले मोठे प्रदर्शन मार्च 1963 मध्ये वुपर्टालच्या गॅलरी पार्नासमध्ये भरले, आणि ते उभे करण्यात नुकतेच 22 वर्षांचे झालेले ब्रोट्समान मदतनीस होते. प्रदर्शन एका राहत्या घराच्या खोल्याखोल्यांतून मांडलेले होते. दारात ताज्या कापलेल्या बैलाचे मुंडके टांगलेले होते, आत हरतऱ्हेच्या वस्तू जोडून बदललेले पियानो होते, चित्र बिघडवलेले दूरदर्शन संच होते, आणि उद्घाटनाच्या दिवशी जर्मन कलावंत योजेफ बॉइस यांनी त्यातल्या एका पियानोवर कुऱ्हाड चालवली. या साऱ्या खळबळीपेक्षा मला तिथली एक साधी वस्तू जास्त महत्त्वाची वाटते. पाईक यांनी ध्वनिफितीचे तुकडे सरळ भिंतीवर चिकटवले होते, आडवेतिडवे, रेघा ओढाव्यात तसे. टेप वाजवणाऱ्या यंत्राचे ‘हेड’ त्यांनी सुटे करून प्रेक्षकाच्या हातात दिले होते. ते हातात धरून भिंतीवरच्या त्या पट्ट्यांवरून फिरवायचे. हात जितक्या वेगाने आणि ज्या दिशेने फिरेल तसा आवाज निघायचा. म्हणजे भिंतीवरचे चित्र हाताने वाचायचे आणि वाचताना ते ऐकू यायचे. चित्रकार होऊ घातलेल्या एका तरुणाने रोज त्या खोलीत वावरावे आणि आवाज ही ओढता येण्यासारखी, घासता येण्यासारखी, जाडबारीक करता येण्यासारखी वस्तू आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, याचा परिणाम किती खोल झाला असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. पाईक यांच्याविषयी ते शेवटपर्यंत कृतज्ञतेने बोलत राहिले.

मात्र याच सुमारास गॅलऱ्यांचे, प्रदर्शनांचे आणि खरेदी-विक्रीचे जग त्यांना नकोसे झाले. चित्रे काढणे त्यांनी थांबवले नाही. ती मांडण्याच्या आणि विकण्याच्या धडपडीतून ते बाजूला झाले. पोटापाण्यासाठी काही काळ जाहिरातीची ग्राफिक कामे केली आणि उरलेला जीव वाजवण्यात ओतला. इथे त्यांचे चरित्र सांगणारे बहुतेक जण एक वाक्य लिहून मोकळे होतात की त्यांनी चित्रकला सोडून संगीत धरले. मला हे वाक्य मान्य नाही. माझ्या विद्यार्थिदशेत एका शिक्षकांनी मला बजावले होते की दोन दगडांवर पाय ठेवणारा नदीत पडतो, आणि ते मी इतके मनावर घेतले की पुढे कितीतरी वर्षे कोरणी हातात घेताना कसली तरी चोरी केल्यासारखे वाटे. ब्रोट्समान यांचे काम जवळून पाहिल्यावर मला कळले की त्यांच्या पायाखाली दोन दगड नव्हतेच. त्यांच्याकडे एकच खडक होता आणि त्याला दोन बाजूंनी धार काढलेली होती.

त्यांच्या पहिल्या दोन रेकॉर्ड हा याचा उत्तम पुरावा आहे. 1967 साली कोवाल्ड आणि स्वीडिश ड्रमवादक स्वेन-ओके योहान्सन यांच्यासह केलेली ‘फॉर अडॉल्फ सॅक्स’ आणि 1968 मधली ‘मशीन गन’ या दोन्ही त्यांनी स्वतःच्या ‘ब्रो’ या नावाने स्वतःच काढल्या, कव्हरेही स्वतःच रचली. पहिली अर्थातच सॅक्सोफोनच्या निर्मात्याला वाहिलेली होती. दुसरीच्या मूळ प्रती 300 होत्या आणि त्या कार्यक्रमांच्या ठिकाणी, हातातून हातात विकल्या गेल्या. तीनशे हा आकडा व्यापाऱ्याला किरकोळ वाटेल, पण ज्याने हाताने छापले आहे त्याला तो ओळखीचा वाटतो. एका माणसाच्या खांद्यांना, दोन-तीन दिवसांत, झेपणारी ती संख्या आहे. पहिले वीस कागद शाई बसण्यात जातात, मग शंभरेक कागद हात आपोआप चालतो, आणि शेवटी शेवटी शाई घट्ट होऊन कडा भरू लागतात. त्यामुळे तीनशेवा कागद पहिल्यासारखा कधीच येत नाही, आणि छापणाऱ्याला त्या फरकाची लाज वाटत नाही, कारण तो त्याच्या हाताचा माग असतो. गाणे करायचे, ते छापायचे, खोक्यात भरायचे आणि गावोगाव न्यायचे, ही सगळी कारागिराची रीत आहे. आपली वस्तू दुसऱ्याच्या दुकानाच्या भरवशावर सोडायची नाही, हा हट्ट चित्रकाराचा होता आणि तोच संगीतात आला.

हा हट्ट पुढे संस्थेच्या रूपाने उभा राहिला. 1968 साली बर्लिनच्या मोठ्या जॅझ महोत्सवाने त्यांच्या समूहाला बोलावले आणि पुन्हा ते आमंत्रण मागे घेतले, कारण सर्व वादक गडद रंगाच्या सुटात येतील अशी हमी ब्रोट्समान देईनात. मग त्याच दिवसांत त्याच शहरात या मंडळींनी ‘टोटल म्युझिक मीटिंग’ नावाचा आपला वेगळा मेळावा भरवला. पाठोपाठ 1969 मध्ये योस्ट गेबर्स, ब्रोट्समान, कोवाल्ड आणि पियानोवादक अलेक्झांडर फॉन श्लिपेनबाख यांच्या पुढाकाराने ‘फ्री म्युझिक प्रॉडक्शन’ ही संस्था सुरू झाली. युरोपातील मुक्त, म्हणजे आधी न बांधता उत्स्फूर्त वाजवलेल्या संगीताची मोठी नोंद पुढची कित्येक दशके या संस्थेने केली, आणि तिच्या असंख्य रेकॉर्डची आणि पोस्टरांची अक्षरे ब्रोट्समान यांच्या हातची आहेत. बर्लिनमधल्या एखाद्या भिंतीवर त्यांचे पोस्टर लांबून पाहणाऱ्याला संगीताचा पोत आधी डोळ्यांनीच कळत असला पाहिजे.

आता ‘मशीन गन’कडे परत येतो, कारण माझे त्यांच्याशी खरे नाते तिथेच जुळले. हे नाव मुळात ट्रम्पेटवादक डॉन चेरी यांनी ब्रोट्समान यांच्या वादनशैलीला दिलेले होते. मे 1968 मध्ये ब्रेमेन येथे हे मुद्रण झाले. तेव्हा जर्मनीतले विद्यार्थी रस्त्यावर उतरलेले होते आणि व्हिएतनामचे युद्ध घरोघरी दूरदर्शनवर दिसत होते. वादकांत जर्मन होते, डच होते, इव्हान पार्कर हे इंग्रज सॅक्सोफोनवादक आणि फ्रेड फान होव्ह हे बेल्जियन पियानोवादक होते, आणि स्वीडनचे योहान्सन होते. महायुद्ध संपून पुरती पंचवीस वर्षेही झालेली नव्हती आणि या देशांतली मुले एका खोलीत उभी राहून एकमेकांच्या आवाजात आवाज मिसळत होती. ब्रोट्समान यांनी अनेकदा सांगितले आहे की आपल्या वडिलांच्या पिढीने जगाचे जे केले त्याची शरम आणि संताप त्यांच्या पिढीच्या जर्मन संगीतात होता, आणि इतरांपेक्षा त्यांचे वादन अधिक उग्र असण्याचे एक कारण ते होते. कोवाल्ड या काळाला जर्मनमध्ये जो शब्द वापरत, त्याचा अर्थ वाजवून वाजवून मोडून टाकणे असा होतो. पुस्तकात ते ठसे पाहिल्यावर मी हे मुद्रण पुन्हा लावले ते हेडफोनशिवाय, टेबलावर फळी घेऊन, कोरता कोरता.

त्या रात्री जे घडले ते नीट सांगायचे तर सॅक्सोफोनविषयी थोडे सांगावे लागेल. या वाद्यात आवाज करते ती बांबूसारख्या एका उंच गवताची पातळ, तासलेली पट्टी, म्हणजे रीड. मुखनळीवर ती बांधलेली असते आणि फुंकरीने थरथरते. फुंकर आणि ओठांचा दाब वाढवला की तीच बोटे ठेवूनही स्वर वरच्या सप्तकात उडी मारतो, आणि त्याहून जोर लावला की एका स्वराच्या पोटातले अनेक स्वर एकदम फुटून बाहेर येतात. फुंकताना घशातून गुरगुरले की स्वराची कड आणखी फाटते. ब्रोट्समान यांचा सगळा संसार या फाटलेल्या कडेवर आहे. साधारण वादक स्वराचा मधला, गुळगुळीत भाग वापरतो आणि कडा लपवतो. ब्रोट्समान कड हाच विषय मानतात. मात्र ही सगळी करामत श्वासावर चालते आणि श्वास संपतो. पार्कर यांनी पुढे नाकाने श्वास घेत तोंडाने फुंकत राहण्याची पद्धत इतकी कमावली की त्यांचे सोप्रानो सॅक्सोफोनचे वादन मिनिटेच्या मिनिटे न तुटता वाहते. ब्रोट्समान यांची वाक्ये माणसाच्या छातीत मावेल एवढीच लांब असतात. भाता रिकामा होईपर्यंत ते जातात, मग थांबून हवा भरून घेतात आणि पुन्हा सुरू करतात.

कोरता कोरता मला प्रथम ऐकू आले ते हे थांबणे. काळ्या फळीवर कोरणी चालावी तसे त्या आठ जणांच्या गर्दीतून एकेक वादक श्वास घेण्यापुरता बाजूला होत होता आणि तिथे क्षणभर पांढरी रेघ उमटत होती. त्या फटीतून मागचा पियानो दिसे, दुसऱ्या फटीतून बेसचे गज घासणे. तिघे एकदम श्वास घेत तेव्हा मोठी खिडकी उघडे आणि तिच्यात दोन्ही ड्रम स्वच्छ ऐकू येत. एकदा हे सापडल्यावर तो मारा राहिला नाही. ते एक दाट कोरलेले चित्र झाले, ज्यात काळे जास्त होते इतकेच. शीर्षक असलेले वादन सुमारे 17 मिनिटांचे आहे आणि उत्तरार्धात एका ठिकाणी तिन्ही सॅक्सोफोन एकत्र येऊन नाचायला लावणारी, जुन्या ऱ्हिदम अँड ब्लूजच्या वळणाची एक साधी ओळ धरतात. पहिल्या वेळी चौथ्या मिनिटाला उठून गेलेल्या मला ती ओळ भेटलीच नव्हती. त्या रात्री ती आली तेव्हा मला अनावर आनंद झाला, आणि ज्याला मी निव्वळ विध्वंस समजत होतो त्याच्या तळाशी केवढी आपुलकी आहे हे कळून मन भरून आले.

आठ जणांना घेऊन फिरणे पैशांच्या आणि व्यवस्थेच्या दृष्टीने अवघड होते, म्हणून पुढे ब्रोट्समान, फान होव्ह आणि डच ड्रमवादक हान बेनिंक असे त्रिकूट उरले. त्या रेकॉर्ड मला आवडतात, पण पियानोविषयी नेहमी वाईट वाटते. या दोघांच्या धबधब्याखाली तो वारंवार बुडतो. फान होव्ह त्रिकुटातून बाहेर पडल्यावर उरलेल्या दोघांनी मात्र 1977 साली एक अशी गोष्ट केली की तिच्यासाठी मी त्यांचे बाकीचे शंभर तास बाजूला ठेवायला तयार आहे. ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन ते दक्षिण जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये गेले आणि स्टुडिओऐवजी जंगलात वाजवले. ‘श्वार्त्सवाल्डफार्ट’, म्हणजे त्या अरण्यातली सफर, हे त्या रेकॉर्डचे नाव. बेनिंक हेही चित्रकार आणि कलाशाळेत शिकलेले. सापडेल त्या वस्तूतून चित्र आणि ताल दोन्ही काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. जंगलात ते ओंडके वाजवतात, फांद्या वाजवतात, पाण्यावर थापा मारतात. ब्रोट्समान क्लॅरिनेट घेऊन उत्तर देतात आणि पक्षी आपले बोलत राहतात. दोन चित्रकार उघड्यावर चित्र काढायला बाहेर पडावेत आणि रंगांची पेटी घरी विसरल्यामुळे त्यांनी आवाजानेच काम चालवावे, असे मला प्रत्येक वेळी वाटते. यात कोणी कोणाला हरवत नाही. ज्या वादकाला लोक फक्त जोराचा म्हणून ओळखत होते तो इथे एका झाडाच्या खोडाला ऐकायला थांबतो.

यानंतरच्या वर्षांचा आवाका मोठा आहे आणि सगळ्यांत माझा जीव सारखा गुंतत नाही. 1986 साली गिटारवादक सॉनी शॅरॉक, बेसवादक बिल लासवेल आणि ड्रमवादक रोनाल्ड शॅनन जॅक्सन यांच्यासह स्थापन झालेल्या ‘लास्ट एक्झिट’ने रॉकच्या श्रोत्यांपर्यंत त्यांना नेले, पण विजेच्या त्या आवाजात त्यांची कड मला हरवल्यासारखी वाटते. उलट नव्वदच्या दशकातील ‘डाय लाइक अ डॉग’ हे चौघांचे पथक मी पुनःपुन्हा ऐकतो. 1970 मध्ये न्यू यॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये ज्यांचा मृतदेह सापडला त्या सॅक्सोफोनवादक अल्बर्ट आयलर यांच्या स्मृतीला ते वाहिलेले होते, आणि विल्यम पार्कर, हमीद ड्रेक व ट्रम्पेटवादक तोशिनोरी कोंडो यांच्या साथीने ब्रोट्समान त्यात शोक करतात, अगदी उघडपणे. 1997 पासून शिकागोत जमलेल्या त्यांच्या दहा जणांच्या मेळाने एका नव्या पिढीला जवळ केले. केन व्हॅन्डरमार्क, मॅट्स गुस्ताफसन यांच्यासारखे वादक त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. गुरुकुल काढावे अशी त्यांची वृत्ती नव्हती, तरी शिकणारे शिकून गेले.

शिकागोनेच त्यांच्या चित्रांनाही पुन्हा दार उघडले. 1959 ते 1964 या काळातली त्यांची कागदावरची कामे 2003 साली तिथे प्रदर्शित झाली, म्हणजे केल्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. या मधल्या काळात ते काढतच होते: सापडलेल्या वस्तू जोडून केलेल्या लहान रचना, जलरंगातली विरळ निसर्गचित्रे, ठसे. विमानतळ, आगगाड्या, हॉटेलांच्या खोल्या आणि रात्रीची मैफल यांतच त्यांचे बहुतेक आयुष्य गेले. अशा माणसाला घरी परतल्यावर फळीसमोर बसून कोणाशीही न बोलता काम करावेसे का वाटले असेल, हे मला समजते. मैफलीतला स्वर त्याच क्षणी विरून जातो आणि ठसा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी जिथल्या तिथे असतो. त्या सकाळची त्यांना गरज होती, असे मला वाटते. चित्रांचा गाजावाजा त्यांनी टाळला याचे मला वाईट वाटत नाही. कोणाच्या अपेक्षेचे ओझे नसल्यामुळे ती चित्रे अंगाने हलकी राहिली आहेत, आणि त्यांच्या वादनाइतकीच ती मला प्रिय आहेत.

त्यांच्या वाद्यांपैकी एकाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. टारोगाटो नावाचे हंगेरीचे एक लाकडी वाद्य ते वाजवत. अंगाने क्लॅरिनेटसारखे, पण आतून शंकूच्या आकाराचे, त्यामुळे त्याचा स्वर सोप्रानो सॅक्सोफोन आणि सनई यांच्या मधला कुठला तरी, किंचित ओलसर निघतो. 1984 मध्ये त्यांनी एकट्याने वाजवलेल्या एका रेकॉर्डला चौदा प्रेमकविता असे नाव दिले. ते नाव त्यांनी मनापासून दिले होते याविषयी मला शंका नाही.

आयुष्यभर छाती रिकामी करत वाजवलेल्या या माणसाला अखेरच्या वर्षांत फुप्फुसांच्या आजाराने गाठले. तरी ते वाजवत राहिले. नोव्हेंबर 2022 मध्ये, 81 व्या वर्षी, ते बर्लिनच्या त्याच महोत्सवाच्या मंचावर होते ज्याने 54 वर्षांपूर्वी सुटांच्या कारणावरून त्यांना नाकारले होते. साथीला हमीद ड्रेक आणि मोरोक्कोचे माजिद बेक्कास होते, जे गिंब्री हे चामडे मढवलेले, खर्जाचे तंतुवाद्य वाजवतात. त्या मैफलीचे मुद्रण प्रसिद्ध झाले आहे. त्यात ते पूर्वीपेक्षा कमी वाजवतात. गिंब्रीचा खोल, चामड्याचा ठोका चालत राहतो आणि ते वाट पाहतात, मग एक वाक्य टाकतात आणि पुन्हा मागे सरतात.

ते गेल्याची बातमी वाचली त्या रात्री मी 2019 सालची ‘आय सरेंडर डिअर’ लावली. टेनर सॅक्सोफोनवर एकट्याने वाजवलेली जुनी गाणी त्यात आहेत. ज्या गाण्याचे नाव रेकॉर्डला दिले ते 1931 सालचे आहे. ब्रोट्समान ते अगदी हळू वाजवतात, चालीला धरून, आणि स्वराची कड तशीच फाटकी ठेवून. दुसरा कोणी वादक नसल्यामुळे ते थांबतात तेव्हा तिथे दुसरे काहीच येत नाही. बोटांखालच्या झडपांची हलकी टकटक ऐकू येते, हवा आत ओढल्याचा आवाज येतो, आणि मग पुढची ओळ. त्या रात्री मी एक छोटी फळी कोरत होतो. ती अजून माझ्याकडे आहे, तिच्या आठ-दहा प्रती काढल्या आहेत, आणि तिच्यात पांढरा भाग माझ्या इतर सगळ्या ठशांपेक्षा पुष्कळ जास्त आहे.